पैसे मुलाचे, सेशन घरादाराचं

इंदूरच्या मराठी घरांसाठी ऑनलाइन फॅमिली थेरपीची चौकशी बरेचदा इंदूरबाहेरून होते. आई-बाबा सुदामा नगरात, मुलगा पुण्यात, बंगळुरूत नाहीतर न्यू जर्सीत. थेरपिस्ट तोच शोधतो, वेळ तोच ठरवतो, पैसे तोच भरतो आणि पहिल्या सेशनच्या आदल्या दिवशी थेरपिस्टला मेसेजही तोच टाकतो: ‘बाबांना जरा समजवा.’ बऱ्याच घरांचं घोडं इथेच अडतं. फॅमिली थेरपिस्ट कोणाला समजवायला बसलेला नसतो, निवाडा द्यायला तर नाहीच. फी कोणीही भरो, त्याचा पेशंट म्हणजे ते घर, त्या घरातली माणसं एकमेकांशी वागतात ती रीत. एवढं आधी पटलं नसेल तर पुढचे पैसे वाया जाणार म्हणून समजा.

घरच्यांना उपचारात घ्यायचं ही काही परदेशातून आलेली टूम नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूत राहायला बोलवत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही १९५७ पासून रुग्णाबरोबर घरचं माणूस राहण्याची पद्धत आहे. नवा आहे तो फक्त मधला पडदा, आणि त्यापायी ज्या अडचणी येतात त्यांतल्या निम्म्या तरी आधी तयारी केली तर टळतात.

आधी पैशांचं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना सांगितलंय की मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्या. हे वाचून लोक क्लेम टाकतात आणि तो परत येतो. कारण सरळ आहे: आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर तासाभराचं ऑनलाइन सेशन त्यात बसत नाही. त्यातून सासू-सुनेचं पटत नाही किंवा बाप-लेक बोलत नाहीत हा काही आजार नव्हे, त्याला निदानाचं नाव नसतं आणि नाव नसलं की क्लेमही नसतो. म्हणजे सगळं पदरचं. फक्त मुलाच्या किंवा सुनेच्या कंपनीत कर्मचारी साहाय्य योजना आहे का हे एचआरला विचारा. अशा योजनांत काही सेशन फुकट असतात आणि कधी कधी ती घरच्यांनाही चालतात.

फीचा ढोबळ अंदाज द्यायचा तर एका माणसाच्या सेशनला हजार ते अडीच हजार, कुटुंबाच्या सेशनला त्याच्या दीडपट-दुप्पट. एका माणसाचं सेशन ४५-५० मिनिटांचं असतं, कुटुंबाचं ६० ते ९०. आधी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, मग महिन्याने. आठ ते बारा सेशन्स धरून चाला. अडीच हजाराने दहा सेशन्स म्हणजे पंचवीस हजार झाले. हा आकडा पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठेवा, नाहीतर चौथ्या सेशनला बाबा विचारतातच, ‘हे अजून किती दिवस चालायचं?’ दहा सेशन्सचं पॅकेज आगाऊ भरू नका, निदान पहिली तीन होईपर्यंत तरी नाही. आधी लेखी विचारून घ्या: सेशन रद्द करायला किती तासांची सूचना लागते (बहुतेकांकडे २४), एक जण आलाच नाही तर सेशन होतं की नाही, नेट गेलं तर गेलेला वेळ भरून मिळतो का, आणि ऐपत नसेल तर कमी फीच्या जागा आहेत का. शेवटचा प्रश्न विचारायला आपली माणसं संकोचतात. विचारा, बरेच जण अशा एक-दोन जागा राखून ठेवतात.

‘थेरपिस्ट’ म्हणून पाटी लावायला आपल्याकडे व्यवहारात कोणी अडवत नाही, त्यामुळे छाननी आपणच करायची. सायकियाट्रिस्ट हा डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार यांतल्या फक्त त्याचा, बाकी कोणाचा नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२च्या कायद्याखाली रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. त्याचा सीआरआर नंबर, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, मागा आणि आरसीआयच्या वेबसाइटवर ताडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट एम.ए. किंवा एम.एस्सी. असतात, त्यांचा असा नंबर सापडेलच असं नाही. त्यांतही उत्तम माणसं आहेत, पण तिथे ‘तुमचं सुपरव्हिजन कोणाकडे चालतं?’, म्हणजे तुमच्या कामावर कोणा अनुभवी माणसाची नजर असते, हा प्रश्न विचारायचाच. आणि ज्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही ते सायकियाट्रिक सोशल वर्कर. कुटुंबासोबत काम करायचं प्रशिक्षण त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग असतं. माझ्या मते घरगुती तिढ्यासाठी चांगला सोशल वर्कर मिळाला तर मोठ्या नावाच्या मागे लागू नये. नंबर कोणताही असो, चार माणसं एकाच वेळी बोलत असताना सेशन सांभाळणं हे वेगळं कसब आहे. आतापर्यंत किती कुटुंबांसोबत काम केलं आणि ते कुठे शिकलात, हे थेट विचारावं. यात रागावण्यासारखं काही नाही. जो रागावला तो आपल्या कामाचा नाही.

भाषेचंही पहिल्याच फोनवर बोलून घ्या. आपल्या घरांत आजी मराठीत बोलते, नातू हिंदीत उत्तर देतो आणि भांडण इंग्रजीत संपतं. थेरपिस्टला तिन्ही समजायला हवं, नाहीतर नातू दुभाष्या होतो आणि सोयीचं तेवढंच सांगतो.

मुलगा अमेरिकेत असेल तर दोन गोष्टी. तिथल्या बहुतेक राज्यांत थेरपी ‘क्लायंट जिथे बसलाय तिथे’ घडते असं धरतात आणि परवाना त्या राज्याचा लागतो. म्हणून काही भारतीय थेरपिस्ट परदेशातल्या माणसाला सेशनमध्ये घेत नाहीत, काही आधी लेखी मजकुरावर सही मागतात. हे पहिल्या पेमेंटच्या आधी मिटवा. दुसरं घड्याळाचं. आपल्याकडे रात्री साडेआठ वाजता न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा वाजलेले असतात, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून दहाच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा अकरा. त्या दोन आठवड्यांत कोणीतरी हमखास तासभर चुकतं आणि फी जाते.

आता जागा आणि यंत्रं. यावर लोक अजिबात विचार करत नाहीत आणि बिघडतं मात्र इथेच.

इंदूरच्या घरातले तिघे-चौघे एकाच खोलीत असतील तर एकच लॅपटॉप. दोन यंत्रं एका खोलीत चालू राहिली की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाऊन शिट्टी वाजते. लॅपटॉप मांडीवर घेऊ नका. चार जाडजूड पुस्तकांवर ठेवा, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो. खिडकी पाठीमागे नको, नाहीतर चेहरे काळे पडतात आणि थेरपिस्टला तर चेहरेच बघायचे असतात. खुर्च्या एका ओळीत नको, किंचित गोलाईत मांडा. आता सगळ्यात महत्त्वाचं: जो हळू बोलतो त्याला माइकजवळ बसवा. व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर दोन आवाज एकदम आले की मोठा आवाज पुढे काढतं आणि बारीक आवाज गोंगाट समजून दाबतं. घरात सुनेचं किंवा धाकट्या मुलाचं ऐकलं जात नाही अशी मूळ तक्रार असेल, तर चुकीच्या मांडणीने तीच तक्रार पडद्यावरही चालू राहते. बाबा पाच फुटांवर बसले तरी त्यांचा आवाज पोचतो, काळजी करू नका.

झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी मीटिंग तुटते, गूगल मीटच्या फुकट खात्यावर तीन किंवा जास्त जण असतील तर तासाभराने. नव्वद मिनिटांच्या सेशनची लिंक थेरपिस्टच्या पैसे भरलेल्या खात्यावरून आलीय ना, एवढं बघा. आई रडायला लागावी आणि त्याच क्षणी पडदा काळा व्हावा, यासारखं वाईट नाही. तासाभराच्या व्हिडिओला साधारण एक जीबी डेटा जातो. घरचं वायफाय दगा देत असेल तर एका फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा आणि कॉल तुटला तर कोण कोणाला फोन करणार हे ठरलेलं असू द्या.

वेळ सकाळची घ्याल तर कचऱ्याच्या गाडीचा विचार करा. आपल्या गल्लीत ती गाणं वाजवत कधी येते हे इंदूरकराला सांगायला नको. कामवाल्या मावशी, दूधवाला, शेजारच्या काकू, सगळ्यांच्या वेळा टाळल्या की उरते रात्रीची साडेआठ. ज्याचं थोडं स्वतंत्र बोलणं होणार असेल त्याच्यासाठी दार लागणारी खोली आणि हेडफोन हवेत, दाराबाहेर पंखा किंवा एक्झॉस्ट चालू ठेवला की शब्द बाहेर कळत नाहीत. तशी खोलीच नसेल तर खाली उभी केलेली गाडी चालते, फक्त इंजिन बंद आणि गाडी जाग्यावर. गाडी चालवत असलेल्या माणसाबरोबर शहाणा थेरपिस्ट सेशन सुरूच करत नाही.

पहिल्या सेशनआधी एक फॉर्म येतो. त्यात आत्ता चालू असलेली औषधं, पूर्वीचे उपचार, दारू वगैरे व्यसन, आत्महत्येचे विचार, घरात मारहाण होते का, असं सगळं विचारलेलं असतं. हा फॉर्म प्रत्येकाने आपापला, आपल्याच फोनवर भरायचा. मुलाने सगळ्यांचा एकत्र भरून पाठवला तर तो निरुपयोगी. सेशनच्या सुरुवातीला थेरपिस्ट प्रत्येकाला विचारतो, ‘आत्ता तुम्ही नेमके कुठे आहात?’ आणि जवळच्या एका माणसाचा नंबर घेतो. लोकांना ही चौकशी वाटते. कॉल चालू असताना कोणाचं काही बरंवाईट झालं, तर शंभर-हजार किलोमीटरवर बसलेल्या माणसाला मदत पाठवायला पत्ताच लागतो, म्हणून विचारतात.

मग साधारण असं घडतं. थेरपिस्ट विचारते, ‘काका, रोहन घरी आला की घरात काय बदलतं?’ काका घसा साफ करतात तोवर काकू म्हणतात, ‘यांना काय विचारता, हे पेपरात डोकं घालून बसतात.’ पुण्याच्या चौकटीतला रोहन हसतो. सून खाली बघते. चार सेकंदांत सगळं होऊन जातं, पण त्या चार सेकंदांत घराची रीत दिसलेली असते. चांगली थेरपिस्ट काकूंना गप्प करत नाही. ‘काकू, तुमचंही ऐकायचंय, आधी काकांचं होऊ दे,’ म्हणते, आणि मग सुनेला विचारते, ‘काकांच्या आधी काकू बोलल्या की रोहन काय करतो?’ हा आडवळणाचा प्रश्न मुद्दाम असतो. स्वतःबद्दल विचारलं की माणूस बचाव करतो. दुसऱ्या दोघांमध्ये काय चालतं हे विचारलं की आजवर पाहिलेलं, पण कधीच न बोललेलं बाहेर येतं. उत्तर ऐकून काकूंना राग येऊ शकतो. येऊ द्यावा.

दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला स्क्रीनवर जेनोग्राम काढतात. ही आजोबा-आजीपासूनच्या तीन पिढ्यांची आकृती. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, भांडणाला नागमोडी रेघ, तुटलेल्या नात्याला खंडित रेघ. लग्नं, मृत्यू, नोकऱ्या, घरं बदलणं, सगळं सालासकट. सालं आधीच जुळवून ठेवा, मोठी आत्या नाहीतर काका यांच्याकडून. यातून काय निघतं याचा एक नमुना घ्या. आजोबा इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी मिळायला २०२३ उजाडलं. बाबांची दहावी-बारावी त्याच काळातली. आज मुलाने चालू नोकरी सोडून स्टार्टअप काढायचं म्हटलं की बाबा जे तापतात ते नुसत्या हट्टापायी नाही, हे आकृतीत मुलाला पहिल्यांदा दिसतं. त्याने मुलाचा निर्णय बदलेलच असं नाही, पण भांडणाचा विषय नेमका काय आहे हे कळतं.

बरीच घरं तिसऱ्या-चौथ्या सेशनला सोडतात. तोवर झाकलेलं उघडं पडलेलं असतं आणि सुधारणा अजून दिसत नसते, म्हणून ‘याने भांडणं वाढलीच’ असं वाटतं. ते काही अंशी खरंही असतं. त्यातून ‘लीव्ह’ दाबल्याबरोबर घरात दुसरा अंक सुरू होतो: ‘तिच्यासमोर असं बोलायची काय गरज होती?’ ऑफलाइनमध्ये क्लिनिकपासून घरापर्यंतचा रस्ता असतो, तेवढ्यात डोकं निवतं. ऑनलाइनमध्ये तो नाही, म्हणून तो आपण तयार करायचा. सेशननंतर निदान अर्धा तास त्या विषयावर अवाक्षर नाही, असा नियम लावा. रात्रीचं सेशन असेल आणि हिवाळा असेल तर सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू खाऊन या. मी थट्टा करत नाही.

दोन सेशन्सच्या मध्ये छोटा गृहपाठ मिळतो. ‘आठवड्यातून दोनदा मुलाने बाबांना थेट फोन करायचा, आईमार्फत निरोप नाही,’ अशा धर्तीचा. साधा वाटतो, पण आईला मधून बाजूला काढणं हेच अनेक घरांत अवघड असतं. गृहपाठ झाला नाही तर लपवू नका. का झाला नाही यावर बोलणं झालं की पुढचं सेशन जास्त कामाचं होतं.

गुपितांचं काय, हे पहिल्याच सेशनला ठरायला हवं. सून रात्री अकराला थेरपिस्टला व्हॉट्सॲपवर सगळं लिहिते आणि शेवटी म्हणते, ‘हे कोणाला सांगू नका.’ आता थेरपिस्ट अडकला. म्हणून बरेच जण नियमच करतात की स्वतंत्रपणे सांगितलेलं, पण सगळ्यांशी संबंधित असेल ते सेशनमध्ये यायला हवं, किंवा मधले मेसेज फक्त वेळ ठरवण्यापुरते. पैसे भरणाऱ्या मुलाला वेगळा ‘रिपोर्ट’ मिळत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी एकट्याने सांगितलेलं आई-बापांना शब्दशः कळवत नाहीत, जिवाला धोका असेल तर मात्र कळवतात. एक अपवाद कोणाच्याच हातात नाही: १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, थेरपिस्टलासुद्धा.

सेशन रेकॉर्ड करू नका, चोरून तर नाहीच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोतलं चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं. तेव्हापासून काही जण सेशनमध्येही तोलून-मापून, वकिलाला ऐकू जाईल अशा बेताने बोलतात. अशा सेशनचे पैसे न भरलेले बरे.

काही घरांसाठी एकत्र सेशन हा मार्गच नाही. घरात मारहाण होत असेल तर पडद्यासमोर बाई जे बोलेल त्याची वसुली कॉल संपल्यावर त्याच घरात होते. तिथे आधी १८१ वर महिला हेल्पलाइन, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, आणि थेरपी घ्यायचीच तर तिची एकटीची. कोणाला भास होत असतील, दिवसेंदिवस झोप नसेल, तर आधी सायकियाट्रिस्ट. इंदूरमध्ये बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे, त्याच्या नावाला बिचकून वेळ दवडू नये. आत्महत्येची भाषा असेल तर सेशनच्या तारखेची वाट बघायची नाही: ११२ नाहीतर जवळचं रुग्णालय. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालते. आणि दारू पिऊन बसलेल्या माणसाबरोबर सेशन होत नाही. फी मात्र जाते.

पैसे भरणाऱ्याचा प्रश्न शेवटपर्यंत डोकं वर काढत राहतो, तेव्हा एक सुचवतो. पूर्ण फी मुलाने भरू नये. सेशनमागे पाचशे का होईना, बाबांनी आपल्या यूपीआयवरून टाकावे. पेन्शनवर ते जड नाही आणि सेशन मग ‘त्याने लावलेलं’ राहत नाही. चौथ्या-पाचव्या सेशनला सगळ्यांनी मिळून आढावा घ्या: सुरुवातीला ठरवलेल्या दोन-तीन गोष्टींत कोणाला काय फरक दिसतो? दिसत नसेल तर थेरपिस्ट बदलायला हरकत नाही, पण ते शेवटच्या सेशनमध्ये तोंडावर सांगून. बंद करताना पावत्या नावानिशी आणि नोंदणी क्रमांकासह मागून घ्या, कंपनीकडून परतावा मिळणार असेल तर त्याच लागतात. पुढच्या थेरपिस्टसाठी एक पानाचा सारांशही मागता येतो. फाइल सगळ्यांची असल्याने त्याला सगळ्यांची संमती लागते, आणि तो लिहून द्यायची फी वेगळी असते का, हे पहिल्याच फोनवर विचारून ठेवा.